माऊस सापडत नाही? आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते शोधा

काही वर्षांपूर्वी एक डेस्कटॉप दुरुस्तीला माझ्याकडे आला होता. तक्रार एका ओळीची: माऊस लावला तरी कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा व्यवस्थित लागत होता, म्हणून माऊस ठीक आहे असं मी गृहीत धरलं. ड्रायव्हर (माऊसशी बोलायला विंडोजला लागणारे छोटे प्रोग्रॅम) काढले, पुन्हा टाकले, अपडेट चढवले आणि शेवटी सगळ्या फाइल्स बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकलं. दिवस संपला, माऊस जिथल्या तिथे. संध्याकाळी तोच माऊस शेजारच्या मशीनला लावून पाहिला, तर तिथेही तो चालेना. वायरीच्या आतली एक बारीक तार तुटली होती. हीच चाचणी सकाळी केली असती तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं आणि त्या माणसाचा एक दिवस वाचला असता.

म्हणून उपायांकडे वळण्याआधी एका गोष्टीचा आग्रह धरतो. बिघाड माऊसमध्ये आहे, मधल्या वाटेवर आहे की कॉम्प्युटरच्या आत, हे आधी ठरवा. ते ठरेपर्यंत एकही ड्रायव्हर काढू नका आणि एकही सेटिंग बदलू नका.

## दिवा लागतो, तरी माऊस का दिसत नाही

साध्या यूएसबी माऊसच्या वायरीत चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्टचा वीजपुरवठा येतो, काळी ग्राउंडची आणि पांढरी व हिरवी या दोन तारांमधून माहितीची ये-जा होते. काही माऊसमध्ये रंग वेगळे असतात, पण कामं हीच चार. आता दिवा पेटायला फक्त वीजपुरवठ्याच्या दोन तारा पुरतात. पांढरी किंवा हिरवी तार तुटली तर दिवा झगझगीत लागतो आणि कॉम्प्युटरला मात्र माऊस दिसत नाही. माझी फसगत नेमकी इथेच झाली होती.

उलट बाजूही लक्षात ठेवा. काही माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किंवा लेझर प्रकाश वापरतात. त्यांच्या पोटाखाली काहीच लागलेलं दिसत नाही, तरी ते ठणठणीत असतात. तेव्हा दिवा दिसला नाही एवढ्यावरून माऊस टाकून देऊ नका.

माऊस पोर्टला लावल्यावर त्याच्या आतली चिप माहितीच्या दोन तारांपैकी एकीवर १.५ किलोओहमच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज चढवते. त्यावरून पोर्टला कळतं की कुणीतरी जोडलं गेलं आहे. व्होल्टेज कुठल्या तारेवर चढलं, यावरून वेगही कळतो. साधे माऊस सेकंदाला १.५ मेगाबिटने बोलतात, बरेचसे गेमिंग माऊस १२ मेगाबिटने. मग कॉम्प्युटर माऊसला रीसेट करतो, त्याची माहिती मागतो, त्याला एक पत्ता देतो आणि सर्वांत शेवटी त्याला ड्रायव्हर जोडतो. म्हणजे आधी वीज, मग चाहूल, मग ओळख, मग ड्रायव्हर. 'डिटेक्ट होत नाही' या एकाच तक्रारीखाली या चारही टप्प्यांचे बिघाड येतात आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं असतं.

विंडोजवर हे लक्षण कानाला कळतं. स्पीकर चालू ठेवा, माऊस काढा आणि पुन्हा लावा. लावल्यावर नेहमीचा दोन सुरांचा आवाज आला तर कॉम्प्युटरने काहीतरी ओळखलं आहे. आवाजच आला नाही तर वीज किंवा माहितीची तार पोचतच नाही. लावल्यावर बिघाड सांगणारा वेगळा आवाज आला, किंवा उपकरण ओळखता आलं नाही असा संदेश पडद्यावर उमटला, तर चाहूल लागली पण बोलणं अर्धवट राहिलं. आणि जोडल्याचा-सुटल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला तर जवळजवळ नक्कीच वायर किंवा पोर्ट ढिलं आहे.

## माऊसशिवाय कॉम्प्युटर कसा हलवायचा

दुरुस्ती करताना हातात माऊसच नसतो, ही यातली खरी अडचण. लॅपटॉपवर टचपॅड असतं. डेस्कटॉपवर कीबोर्डने भागवावं लागतं आणि ते वाटतं त्यापेक्षा बरंच सोपं आहे.

विंडोज-की आणि एक्स एकत्र दाबा, म्हणजे स्टार्ट बटणाजवळची जुनी-जाणती यादी उघडते. त्यानंतर एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी, येतो. कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा असेल तर विंडोज-की आणि एक्स, मग यू, मग आर. सेटिंग्जसाठी विंडोज-की आणि आय. खिडकीच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायला टॅब, यादीत वर-खाली जायला बाणाच्या कीज, एखादा गट उघडायला उजवा बाण, राइट क्लिकच्या जागी शिफ्ट आणि एफ-१०, आणि खिडकी बंद करायला ऑल्ट आणि एफ-४.

कीबोर्डच्या उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा भाग असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम-लॉक एकदम दाबा. विचारणा आली की एंटर. आता ८, २, ४ आणि ६ या आकड्यांनी पॉइंटर चारही दिशांना सरकतो आणि ५ दाबलं की क्लिक होतं. पॉइंटर हळू चालतो, पण अडलेलं काम निघतं.

## दोन अदलाबदली

आता निदान. पहिली अदलाबदल: तुमचा माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. दुसरी: चालता असलेला दुसरा कुठलाही यूएसबी माऊस तुमच्या कॉम्प्युटरला, त्याच पोर्टमध्ये लावा. दोन्ही केल्याशिवाय थांबू नका, कारण एकीने अर्धंच उत्तर मिळतं.

तुमचा माऊस तिकडेही चालला नाही आणि दुसरा माऊस इकडे चालला, तर दोष माऊसचा. तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्जना हात लावायचं कारण उरलं नाही. तुमचा माऊस तिकडे चालला आणि दुसरा माऊस तुमच्याकडे चालला नाही, तर दोष पोर्टचा किंवा कॉम्प्युटरचा. तुमचा माऊस तिकडे चालला, दुसरा माऊस तुमच्याकडे चालला आणि फक्त तुमचा माऊस व तुमचा कॉम्प्युटर ही एक जोडी जमत नसेल, तर बहुधा त्या माऊसची विंडोजमधली जुनी नोंद बिघडली आहे. ती कशी काढायची ते पुढे येतंच.

घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोन घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनना ओटीजी अडॅप्टरने (फोनच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी उपकरण जोडणारा छोटा जोड) यूएसबी माऊस जोडता येतो आणि जोडल्याबरोबर फोनच्या पडद्यावर बाण दिसतो. ही चाचणी मला फार आवडते, कारण फोनमध्ये कॉम्प्युटरचा कुठलाच गुंता नसतो. बाण दिसला आणि हलला की माऊस, त्याची वायर आणि त्याचा प्लग या तिन्हींना एका झटक्यात क्लीन चिट मिळते. बाण दिसला नाही तर मात्र तोच अडॅप्टर वापरून एखादा पेन ड्राइव्ह चालतो का ते पाहा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंग्जमधून चालू करावं लागतं, त्यामुळे दोष फोनच्या बाजूचाही असू शकतो.

## वायरचा माऊस असेल तर

प्लग पूर्ण आत गेला आहे ना, हे बोटाने दाबून पाहा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण यामागे एक ठोस कारण आहे. यूएसबीच्या चौकोनी प्लगमधल्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन, म्हणजे विजेच्या, मुद्दाम थोड्या लांब केलेल्या असतात, म्हणजे वीज आधी जोडली जावी आणि माहिती नंतर. त्यामुळे प्लग जरासा बाहेर राहिला तर वीज मिळते, दिवा लागतो आणि माहितीच्या पट्ट्या टेकतच नाहीत. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, अंधारात चाचपडत लावलेल्या माऊसचं असं हमखास होतं.

त्यानंतर पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनलवरून काढून मागच्या बाजूला लावा. मागची पोर्ट्स थेट मदरबोर्डवर असतात. पुढची पोर्ट्स आतल्या एका केबलने जोडलेली असतात आणि ती केबल सैल झाली की पुढची सगळी पोर्ट्स एकदम गप्प होतात. हब, डॉक, मॉनिटरवरचं पोर्ट, एक्स्टेन्शन, केव्हीएम स्विच (एकाच कीबोर्ड-माऊसवर दोन कॉम्प्युटर चालवणारा) असं मध्ये जे काही असेल ते सगळं बाजूला काढा. टाइप-सी पोर्टला अडॅप्टर लावून माऊस जोडला असेल तर दुसरा अडॅप्टर आजमावा. काही स्वस्त अडॅप्टर आणि केबल्स फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांच्यात माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात.

पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. धूळ, कापसाचा धागा, वाकलेली पिन, आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली असं काहीही दिसू शकतं. कॉम्प्युटर बंद करून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. पिन, सुई असली धातूची वस्तू आत घालू नका, पोर्ट शॉर्ट होतं.

वायर तपासायची तर माऊस पोर्टमध्ये ठेवूनच तपासा. वायर सहसा दोनच जागी तुटते: माऊसमधून बाहेर पडते तिथे आणि प्लगच्या मानेशी. या दोन ठिकाणी वायर हलकेच वाकवत एक-दोन सेकंद धरा. कुठल्या तरी एका कोनात जोडल्याचा आवाज आला किंवा पॉइंटर क्षणभर हलला, तर तार तिथेच तुटलेली आहे. सोल्डरिंग येत असेल तर तुटका भाग कापून चारही तारा रंगाला रंग जुळवून जोडता येतात. येत नसेल तर त्या माऊसवर आणखी वेळ घालवू नका.

एक मुद्दा रिचार्जेबल वायरलेस माऊसबद्दल. तो केबलने जोडूनही कॉम्प्युटरला दिसत नसेल तर दोन शक्यता आहेत. केबल फक्त चार्जिंगची असेल, किंवा त्या माऊसची रचनाच अशी असेल की केबलमधून तो फक्त वीज घेतो आणि बोलतो मात्र हवेतूनच. दुसरी गोष्ट बिघाड नाही, ते मॉडेलच तसं असतं.

## छोट्या रिसीव्हरचा वायरलेस माऊस

इथे बहुतेकांचा घोळ होतो तो एका कारणाने: कॉम्प्युटर माऊसला ओळखत नसतो, रिसीव्हरला ओळखत असतो. नखाएवढा तो डोंगल हेच यूएसबी उपकरण. माऊस बंद असला, त्यात बॅटरी नसली, अगदी माऊस दुसऱ्या गावी असला, तरी डोंगल लावला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसची नोंद दिसते. म्हणून 'विंडोज तर माऊस दाखवतंय, मग चालत का नाही' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा बॅटरीत सापडतं.

तेव्हा काम दोन भागांत वाटून घ्या. डोंगल काढून पुन्हा लावा आणि आवाज ऐका. आवाज आला नाही तर वायरच्या माऊससाठी वर सांगितलेलं पोर्टचं सगळं काही डोंगललाही लागू. आवाज आला तर कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहू नका, अडचण डोंगल आणि माऊस यांच्या मधली आहे.

माऊसच्या पोटावरचं बटण चालू आहे ना ते पाहा. नवीन माऊसच्या बॅटरीखाली प्लास्टिकची पट्टी राहिलेली असते, ती ओढून काढा. बॅटरी बदलताना टेबलाच्या खणातली कुठलीतरी न घालता नवीन किंवा दुसऱ्या उपकरणात चालते हे पाहिलेली घाला. बॅटरीच्या कप्प्यात पांढरी-हिरवी पावडर जमलेली असेल तर अल्कलाइन बॅटरी गळली आहे. बॅटरी काढून कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून ती पावडर पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. हाताला लागू देऊ नका, गळालेला पदार्थ त्वचेला जाळतो. धातूची स्प्रिंग गंजून तुटली नसेल तर माऊस पुन्हा चालू लागतो.

एकसारखे दिसणारे दोन डोंगल घरात असतील तर अदलाबदल झाली आहे का पाहा. साध्या वायरलेस माऊसची जोडी कारखान्यातच बांधलेली असते, एकाचा डोंगल दुसऱ्याला चालत नाही. लॉजिटेकच्या काही मॉडेलमध्ये मात्र जोडी नव्याने बांधता येते. त्यांच्या युनिफाइंग डोंगलवर नारिंगी खूण असते आणि त्यावर सहा उपकरणं बसतात. २०२१ मध्ये आलेल्या बोल्ट डोंगलवर विजेची खूण असते. या दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. डोंगल हरवला असेल तर नवा घेण्याआधी आपल्या माऊसच्या पोटावर यातली कुठली खूण आहे ते बघून घ्या.

माऊस ओळखला जातो, पण तुटक चालतो, मध्येच गायब होतो, डोंगलच्या अगदी जवळ नेला की सुधारतो. असं होत असेल तर शेजारच्या पोर्टकडे बघा. वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि यूएसबी ३.० ची उपकरणं काम करताना नेमक्या त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. एक्स्टर्नल हार्ड डिस्क शेजारच्या पोर्टला असेल आणि कॉपी चालू असताना माऊस अडखळत असेल, तर हेच कारण. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा किंवा छोट्या यूएसबी एक्स्टेन्शनवर घेऊन माऊसजवळ आणा. या एका उपायाने मी कितीतरी 'खराब' माऊस पुन्हा वापरात आलेले पाहिले आहेत.

## ब्लूटूथ माऊस

ब्लूटूथमध्ये जुनी नोंद हीच मोठी डोकेदुखी. यादीत नाव दिसतं, जोडणी होत नाही, आणि आपण 'कनेक्ट' दाबत बसतो. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस उघडा, माऊसचं नाव यादीतून काढून टाका, माऊस पेअरिंगमध्ये घाला आणि नव्याने जोडा. पेअरिंगसाठी पोटावरचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत काही सेकंद दाबून धरावं लागतं. दिवा लुकलुकत नसेल तर तो माऊस कुणाच्याच यादीत येणार नाही.

तीन कॉम्प्युटर लक्षात ठेवणाऱ्या माऊसवर १, २, ३ असे क्रमांक असतात. बटण चुकून दाबलं जाऊन क्रमांक बदलला की माऊस दुसऱ्याच मशीनला शोधत राहतो. ज्या टॅब्लेटला किंवा लॅपटॉपला तो आधी जोडला होता त्याचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद ठेवून पाहा, माऊस गुपचूप तिकडे गेलेला असू शकतो.

लॅपटॉप खूप जुना असेल तर आणखी एक अडथळा येतो. आजचे बरेच ब्लूटूथ माऊस लो एनर्जी प्रकाराचे असतात आणि त्यांना ब्लूटूथ ४.० किंवा त्यापुढचं लागतं. त्याआधीच्या लॅपटॉपला तो माऊस दिसणारच नाही, कितीही प्रयत्न केला तरी. आणि एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एकाकडे पेअर केल्यावर दुसरीकडची जोडणी तुटते, कारण दोन्हीकडे ब्लूटूथ चिप तीच असते पण पेअरिंगची गुप्त किल्ली नवी बनते. अशा ठिकाणी डोंगलचा माऊस बरा.

## कॉम्प्युटरच्या बाजूचा दोष

अदलाबदलीनंतर बोट कॉम्प्युटरकडे वळलं असेल तरच इथे या.

सुरुवात वीज पूर्ण तोडण्यापासून. कॉम्प्युटर शटडाऊन केल्यावरही माऊसचा दिवा लागलेला राहतो, हे तुम्ही पाहिलं असेल. याचा अर्थ बंद मशीनमध्येही पोर्टला स्टँडबाय वीज मिळत राहते आणि गोंधळलेला यूएसबी कंट्रोलर, म्हणजे पोर्ट्स सांभाळणारी चिप, गोंधळलेलाच राहतो. शिवाय विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं, त्यामुळे शटडाऊन करून पुन्हा चालू केलं तरी सिस्टीमचा मधला भाग जसाच्या तसा परत येतो. रीस्टार्ट मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतं. म्हणून आधी रीस्टार्ट. त्याने झालं नाही तर मशीन बंद करा, सगळी यूएसबी उपकरणं काढा, डेस्कटॉपची मुख्य वायर किंवा लॅपटॉपचा चार्जर काढा, पॉवर बटण २०-३० सेकंद दाबून धरा, आणि मग चालू करून सर्वांत आधी फक्त माऊस लावा. पोर्टवर जास्त भार आल्याचा इशारा आला असेल तर हा उपाय विशेष करून लागू पडतो, कारण भार वाढला की संरक्षण म्हणून पोर्टची वीज कापली जाते.

नंतर डिव्हाइस मॅनेजर. 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस' हा गट उघडा, नोंदीवर एंटर दाबा आणि आलेल्या खिडकीत स्थिती वाचा. तिथे दिसणारा कोड सगळं सांगून जातो. कोड २२ म्हणजे उपकरण कुणीतरी बंद करून ठेवलं आहे. शिफ्ट आणि एफ-१० दाबून 'एनेबल' करा, काम झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं. या ४३ सोबत 'अननोन यूएसबी डिव्हाइस' असं नाव दिसत असेल तर ओळख विचारण्याच्या टप्प्यावर बोलणं तुटलं आहे, आणि माझ्या अनुभवात तिथे दोष ड्रायव्हरपेक्षा वायर, हब किंवा माऊसच्या चिपचाच जास्त वेळा निघतो. कोड १९ किंवा ३९ आला आणि कुठलाच माऊस चालत नसेल, तर नुकतंच काढलेलं एखादं माऊसचं किंवा रिमोट कंट्रोलचं सॉफ्टवेअर आपली अर्धवट नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) सोडून गेलं असण्याची शक्यता मोठी. रजिस्ट्रीत हाताने शोधाशोध करण्यापेक्षा सिस्टीम रिस्टोअरने ते सॉफ्टवेअर टाकण्याआधीच्या तारखेला परत जाणं सुरक्षित.

जुनी नोंद काढायची तर ती निवडून डिलीट दाबा, होकार द्या आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. साध्या माऊसचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, सुरू होताना तो आपोआप बसतो. इंटरनेटवर 'माऊस ड्रायव्हर' शोधून अनोळखी ठिकाणची फाइल उतरवू नका; साध्या माऊसला तिची गरज नसते आणि अशा फाइल्समधून भलतंच काही मशीनमध्ये शिरतं. जास्तीची बटणं किंवा दिव्यांचे रंग हवे असतील तेवढ्यापुरतं माऊस बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि तेही माऊस चालू लागल्यावर.

इथे एक इशारा. काही जण 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' गटातल्या सगळ्या नोंदी एकामागून एक काढायला सांगतात. डेस्कटॉपवर तसं करताना मध्येच यूएसबी कीबोर्डही बंद पडतो आणि हातात काहीच उरत नाही. तसं झालंच तर घाबरू नका, पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करा, नोंदी परत बनतात. पण मुळात माऊसची एक नोंद काढून भागत असेल तर तिथेच थांबा.

स्लीपमधून उठल्यावरच माऊस गायब होत असेल तर वीज वाचवण्याची सोय आडवी येते. त्याच यूएसबी गटातल्या प्रत्येक 'रूट हब'वर एंटर दाबा, कंट्रोल आणि टॅबने 'पॉवर मॅनेजमेंट'वर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करणं हा त्याचाच दुसरा भाग. लॅपटॉपची बॅटरी किंचित लवकर उतरेल, एवढंच.

## विंडोज सुरू होण्याआधी

मदरबोर्डची सेटिंग्ज स्क्रीन ही उत्तम साक्षीदार आहे. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून तिथे जा. स्क्रीन आजच्या पद्धतीची, चित्रमय असेल तर तिथे माऊस चालतो. तिथे चालला आणि विंडोजमध्ये नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा. तिथेही नाही, तर हार्डवेअरचा, किंवा त्याच स्क्रीनवर यूएसबी पोर्ट्स बंद केलेली असतील. ऑफिसच्या मशीनवर सुरक्षेसाठी असं मुद्दाम केलेलं असतं. मग ते ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांनाच विचारा.

विंडोज ७ नव्याने टाकताना पहिल्याच पडद्यावर माऊस-कीबोर्ड मरतात, याचं कारण त्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही आणि २०१५ नंतरच्या इंटेल मशीनमध्ये जुन्या पद्धतीचा कंट्रोलर नाही. तो ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हमध्ये आधीच मिसळावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका मासिक अपडेटनंतर यूएसबी माऊस विंडोजमध्ये चालायचा, पण रिकव्हरीच्या पडद्यावर बंद पडायचा. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच दुरुस्तीचं अपडेट काढलं. सांगायचा मुद्दा असा की माऊस फक्त एकाच पडद्यावर बंद असेल तर माऊसला दोष देऊ नका.

जुन्या मशीनवर गोल पीएस/२ पोर्ट असतं, हिरवं माऊसचं आणि जांभळं कीबोर्डचं. हा माऊस चालू मशीनला लावला तर ओळखला जात नाही. मशीन बंद करा, लावा, मग चालू करा. यूएसबी माऊसला हिरवा अडॅप्टर लावून तो गोल पोर्टमध्ये चालेल असं समजू नका. तो अडॅप्टर फक्त दोन्ही भाषा जाणणाऱ्या माऊससाठी असतो आणि आजच्या बहुतेक माऊसना पीएस/२ची भाषा येत नाही.

## मॅक आणि लिनक्स

ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकबुकवर, मॅकओएस व्हेंचुरापासून, नवं यूएसबी उपकरण लावलं की परवानगी विचारली जाते. घाईत नकार दिला गेला तर माऊसला वीज मिळते, पण तो चालत नाही. माऊस काढून पुन्हा लावा आणि परवानगी द्या, किंवा सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ॲक्सेसरीजचा पर्याय बदला. उपकरण दिसतंय का हे सिस्टीम रिपोर्टच्या यूएसबी भागात कळतं.

लिनक्सवर टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा लहान रोमन अक्षरांत लिहा, एकदा माऊस लावून आणि एकदा काढून. दोन याद्यांमध्ये फरक नसेल तर वायर-पोर्टकडे जा. माऊस काही सेकंद न हलवल्यावर झोपत असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने यूएसबीचं ऑटोसस्पेंड, म्हणजे न वापरलेलं उपकरण आपोआप झोपवणं, चालू केलेलं असतं. माऊसपुरतं ते बंद करा.

## ओळखला गेला, पण पॉइंटर हलत नाही

क्लिक होतंय, चाक फिरतंय, फक्त पॉइंटर स्थिर आहे. मग माऊस डिटेक्ट झालेलाच आहे आणि वरचं काहीही करायची गरज नाही. पोटाखालच्या भिंगात केस किंवा धूळ अडकली आहे का पाहा. काचेच्या किंवा खूप चकचकीत टेबलावर सेन्सर गोंधळतो, खाली साधा कोरा कागद ठेवला तरी फरक कळतो.

सगळं करूनही मशीनच्या एकाही पोर्टला कुठलाच माऊस, पेन ड्राइव्ह किंवा कीबोर्ड दिसत नसेल, तर बहुधा मदरबोर्डवरचा यूएसबी कंट्रोलर गेला आहे. डेस्कटॉपमध्ये रिकामा स्लॉट असेल तर वेगळं यूएसबी कार्ड बसवून मशीन वापरात राहतं. लॅपटॉपवर ब्लूटूथ शाबूत असेल तर ब्लूटूथ माऊसने काम भागतं, फक्त त्याआधी महत्त्वाच्या फाइल्स नेटवर्कवरून दुसरीकडे उतरवून घ्या, कारण पेन ड्राइव्हचा रस्ता आता बंद आहे.